फळ एक, फोडी किती?

फळ कसे सोलावे, हा काय लेखाचा विषय झाला, असे कोणीही विचारील. संत्रे सोलावयास शाळेत जावे लागत नाही. दोन वर्षांचे मूलही नख लावून आपल्यापरीने ते सोलू पाहते. मीही भाषा आणि इतिहास शिकविणारी. फळाच्या सालीत शिकण्यासारखे काही असेल, असे मला गेल्या वर्षापर्यंत कधी वाटले नव्हते. परंतु आमच्या वर्गात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने माझी ही समजूत दूर केली. तो प्रसंग आधी सांगते आणि मग मूळ विषयाकडे वळते.

गेल्या वर्षी डिसेंबर महिन्यात आमच्या वर्गाने शाळेचे आवार झाडून लख्ख केले. मुलांना खाऊ द्यावा म्हणून कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून मी आठ संत्री विकत घेतली. वर्गात मुले चाळीस. एका संत्र्यात दहा फोडी असतात, हा माझा लहानपणापासूनचा समज. आठ दाही ऐंशी, म्हणजे प्रत्येकाला बरोबर दोन. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून संत्री सोलली आणि वाटावयास निघाले. अडतिसाव्या मुलापर्यंत सारे ठीक झाले. एकोणचाळिसाव्या मुलीच्या हातावर एकच फोड पडली आणि शेवटच्या बाकावरील मुलापाशी मी पोचले तेव्हा माझे हात रिकामे होते. ऐंशी म्हणून धरलेल्या फोडी सत्त्याहत्तरच निघाल्या होत्या.

मी ओशाळले. तो मुलगा मात्र हसून म्हणाला, "असू द्या बाई, मला आंबट चालत नाही." शाळा सुटल्यावर साली गोळा करावयास तोच थांबला आणि काम करता करता हळूच म्हणाला, "बाई, देठाखालचे ठिपके मोजले असते तर आधीच कळले असते." त्याचे वडील फळांची हातगाडी लावतात. मी देठ काढीत होते तेव्हा त्याने ते ठिपके दुरूनच पाहिले होते. फोडी पुरणार नाहीत हे त्याला ठाऊक झाले होते, आणि म्हणूनच तो आपली जागा सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसला होता. ही शेवटची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी इतर मुलांकडून समजली.

त्या दिवसापासून मी संत्र्याकडे अधिक आदराने पाहू लागले. जे पाहिले आणि वाचले, ते आता क्रमाने सांगते.

संत्रे, मोसंबी, लिंबू, पपनस, ईडलिंबू, महाळुंग ही सारी एकाच गोत्रातील फळे. आपल्या परिचयाचे बेल, कवठ आणि कढीपत्ता हे त्यांचे लांबचे नातलग; वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांना एकाच कुळात घालतात. लिंबाचे पान उजेडासमोर धरले तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ते सुगंधी तेलाचे सूक्ष्म कोश होत. पान चुरगळले की वास सुटतो, तो याच कोशांतून. फळाच्या सालीतही असेच कोश ठासून भरलेले असतात.

आता फळाची रचना पाहू. सर्वांत बाहेर रंगीत, तेलकट साल. तिच्या आत पांढरा, मऊ, कापसासारखा थर. त्याच्या आत फोडी. प्रत्येक फोडीभोवती पातळ पापुद्रा आणि पापुद्र्याच्या आत रसाने भरलेल्या असंख्य इवल्या पिशव्या. या पिशव्यांची टोके फोडीच्या बाहेरील, म्हणजे सालीकडील बाजूस चिकटलेली असतात आणि त्यांची तोंडे मध्याकडे वळलेली असतात. बिया मात्र मध्याच्या बाजूस असतात. म्हणून फोडीतील बी काढावयाची असेल तर फोडीची आतील धार उघडावी. पाठीकडून फोडल्यास रस सांडतो आणि बी तशीच आत राहते.

फोडी हा फळाचा मूळचाच विभाग आहे. फूल असताना त्याच्या मध्यभागी जे कप्पे असतात, त्यांतील प्रत्येक कप्प्याची पुढे एक फोड होते. झाडाकडून येणारे अन्नपाणी देठातून फळात शिरते ते बारीक शिरांच्या वाटेने, आणि या शिरा निरनिराळ्या फोडींकडे वाटल्या जातात. देठाची हिरवी टोपी नखाने अलगद उचलली की तिच्याखाली वर्तुळात मांडलेले फिकट ठिपके दिसतात. ती त्या शिरांची टोके होत. जितके ठिपके, तितक्या फोडी. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात तीन संत्री घेऊन हा पडताळा पाहिला. पहिल्यात नऊ ठिपके आणि नऊ फोडी. दुसऱ्यात दहा आणि दहा. तिसऱ्यात ठिपके अकरा दिसले आणि फोडी दहाच निघाल्या. नीट पाहता दोन फोडींच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी एक खुंटलेली फोड सापडली. म्हणजे ठिपक्यांचा हिशेब चुकला नव्हता. एका फोडीची वाढ तेवढी राहून गेली होती. मात्र एक सूचना करते. टोपी काढलेले फळ लवकर सुकते व नासते. म्हणून हा प्रयोग आपल्या घरच्या आणि लगेच खावयाच्या फळावरच करावा, विक्रेत्याच्या टोपलीत हात घालून करू नये.

आता सोलण्याकडे येऊ. सर्व फळांना एकच रीत लागू पडत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या पांढऱ्या थरात आहे.

संत्र्यात हा थर फळ पिकताना विरळ होत जातो आणि शेवटी त्याचे जाळीदार धागे तेवढे उरतात. मध्यभागाचा दांडाही पोकळ होतो. त्यामुळे साल फळापासून सुटी राहते. अशा फळास सुरी लावण्याचे कारणच नाही. फळ प्रथम धुवावे. मग देठाच्या बाजूस, जेथे साल किंचित उंच व सैल असते, तेथे अंगठा घालावा. नख सरळ आत खुपसू नये. अंगठ्याचे पेर सालीखाली आडवे सरकवीत न्यावे. साल तीन-चार मोठ्या तुकड्यांत निघते. नंतर दोन्ही अंगठे मधल्या पोकळीत ठेवून फळ पुस्तकासारखे उघडावे. आधी दोन अर्धुके करावी आणि मग त्यांतून एकेक फोड सुटी करावी. अखंड फळाच्या बाजूने एकच फोड ओढून काढू गेल्यास तिचा पापुद्रा हमखास फाटतो.

फोडींवरील पांढरे धागे पुष्कळ मुले निपटून टाकतात. चवीला ते थोडे तुरट लागतात हे खरे. परंतु ते खाण्यास अपाय नाही. धागे आणि पापुद्रा यांतून पोटाला उपयुक्त असा चोथा मिळतो. रस गाळून प्यालो तर नेमका हाच भाग वाया जातो. दात नसलेल्या आजोबांसाठी किंवा लहान बाळासाठी मात्र पापुद्रा काढणेच योग्य. त्याकरिता फोडीची आतील धार चिमटीने उघडावी, बिया टाकाव्या आणि पापुद्रा पाठीकडे उलटवून गर सोडवून घ्यावा.

मोसंबीचे तसे नाही. तिचा पांढरा थर घट्ट, साल चिकटलेली आणि मधला दांडा भरीव. तिला संत्र्यासारखे सोलू गेल्यास नखे दुखतात आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. तिच्यासाठी सुरी हवी. लहान मुलांनी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ती वापरावी. फळ आधी पाटावर तळव्याखाली हलके फिरवून घ्यावे. मग वरचे व खालचे टोक गर दिसेपर्यंत कापून टाकावे. आता फळ पाटावर स्थिर उभे राहते. डुगडुगणाऱ्या फळावर सुरी चालविल्यानेच बोटे कापतात. नंतर फळाच्या गोलाईला धरून वरून खाली साल व पांढरा थर एकदमच उतरवावा. असे सभोवार केले की आतील फोडींच्या सीमा रेषांसारख्या स्पष्ट दिसतात. एका रेषेच्या आतून मध्यापर्यंत एक काप द्यावा, शेजारच्या रेषेच्या आतून दुसरा. दोहोंमधील गर पापुद्र्यावाचून अखंड सुटतो. हे काम वाडग्यावर धरून करावे, म्हणजे गळणारा रस वाया जात नाही. उरलेला पापुद्र्याचा चोथा शेवटी त्याच वाडग्यात पिळून घ्यावा.

मोसंबीचा रस काढून ठेवला तर काही वेळाने तो कडवट लागतो, हा अनुभव बहुतेक घरी आहे. त्याचे कारण असे की फळाच्या पेशींत एक द्रव्य असते, ते मूळचे कडू नसते. परंतु पेशी फुटून ते आंबट रसात मिसळले की त्याचे हळूहळू कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणून हा रस काढताक्षणी प्यावा. आजाऱ्यासाठी सकाळी काढलेला रस दुपारपर्यंत ठेवू नये.

लिंबाची गोष्ट सोपी, पण तीत एक गंमत आहे. लिंबू देठापासून टोकापर्यंत उभे कापले तर सुरी दोन-तीन फोडींतूनच जाते आणि बाकीच्या मिटलेल्या राहतात. तेच आडवे कापले तर सर्व फोडींची तोंडे एकदम उघडतात आणि पिळताना रस सहज सुटतो. ताटात वाढावयाच्या फोडी मात्र मधला पांढरा दांडा टाळून कापाव्या, म्हणजे बिया आणि कडवटपणा दोन्ही कमी होतात.

राहिले पपनस. आमच्या कोकणच्या बाजूस त्याला तोरंजन असेही म्हणतात. मी मूळची कोकणी बोलणारी. या फळाचा वास आला की मला चतुर्थीचे दिवस आठवतात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीची जी माटोळी बांधतात, तिच्यात नारळ, सुपारीचे घोस, रानातील फळे यांच्या बरोबरीने पपनसही टांगलेले असते. मुलांच्या डोक्याएवढे हे फळ पाहून ते सोलावे कसे, असा प्रश्न नवख्यास पडतो. त्याची साल अंगठ्याएवढी जाड असते. प्रथम देठाकडील टोपी कापून काढावी. मग सुरीने वरून खाली सहा ते आठ उभ्या चिरा पाडाव्या. चीर पांढऱ्या थरापर्यंतच जावी, गरास लागू नये. नंतर एकेक पट्टी कमळाच्या पाकळीसारखी खाली ओढावी. उरलेला पांढरा कापूस हाताने खुडून काढावा. पपनसाचा पापुद्रा फार कडू असल्यामुळे तो कधीच खाऊ नये. प्रत्येक फोड आतील धारेवर उघडून पापुद्रा पूर्ण सोलावा. याच्या रसपिशव्या टणक आणि एकमेकींना सैल चिकटलेल्या असतात, म्हणून त्या न फुटता मोत्यांसारख्या सुट्या होतात. वर चिमूटभर मीठ आणि साखर घातली की झाले.

येथे एक गंभीर सूचना केली पाहिजे. पपनस आणि त्याच्या जवळचे ग्रेपफ्रूट नावाचे फळ यांत असे काही घटक असतात, की ते रक्तदाबावरील व कोलेस्टेरॉलवरील काही औषधांच्या पचनात अडथळा आणतात आणि औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायकपणे वाढू शकते. घरात कोणी अशी नित्याची औषधे घेत असेल तर पपनस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रेमाने सोलून दिलेले फळही विचारपूर्वकच दिले पाहिजे.

सालीविषयीही दोन शब्द. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबली तर तेलाचे तुषार उडून ठिणग्या चमकतात. हा प्रयोग मोठ्यांच्या समक्षच करावा आणि तुषार डोळ्यांकडे कधीही उडवू नये. डोळे फार चुरचुरतात. लिंबू पिळल्यानंतर हात साबणाने धुतल्यावाचून उन्हात जाऊ नये. सालीतील काही द्रव्ये आणि सूर्यप्रकाश यांचा संयोग झाला की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कित्येक दिवस राहतात.

या फळांचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. त्यांचे आदिस्थान आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत यांच्या परिसरात, हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी असावे, असा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनातून निघाला. तेथून ही फळे जगभर गेली आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. संस्कृतातील 'नारंग' अरबीत 'नारंज' झाला, पोर्तुगीजांत 'लारांजा' झाला आणि इंग्रजीत 'ऑरेंज' होऊन परत आपल्या शाळेत आला. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले. संत्र्याचे नाव पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आले, असे सांगतात.

जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उकलत आणि पुष्कळजण मरण पावत. हा स्कर्व्ही रोग. 1747 साली 'सॉल्सबरी' या जहाजावर जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टराने बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. ज्या जोडीस रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती जोडी सहा दिवसांतच उठून उभी राहिली. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र सुरू करावयास 1795 साल उजाडले. फळातील तो गुणकारी पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व. त्यावरील संशोधनाचा ज्यात मोठा वाटा होता, अशा कार्याबद्दल हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या महाराष्ट्रात संत्र्याचे माहेर म्हणजे विदर्भ. नागपूरकर भोसल्यांनी हे फळ तेथे आणून वाढविले, अशी परंपरागत समजूत आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांत संत्र्याच्या बागाच बागा आहेत. वर्षातून दोन बहार धरतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर तयार होतात. मृग बहाराची फुले पावसाळ्याच्या आरंभी येतात आणि फळे फेब्रुवारीपासून पुढे मिळतात. नागपूर संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जालन्याच्या मोसंबीला 2016 साली. नागपूर येथे या फळांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संशोधन संस्थाही आहे. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे ही शहरे ज्या राष्ट्रीय महामार्गावर आहेत, तोच पुढे सुरतेस येतो. पोटापाण्यासाठी खानदेशातून आणि विदर्भातून जी माणसे या बाजूस आली, त्यांच्याच वाटेने हे फळही आले आहे. कडोदऱ्याच्या हातगाडीवर ते आपणांस भेटते, तेव्हा आपल्याप्रमाणेच तेही दूरच्या गावाहून आलेले असते.

आता शेवटचा हिशेब. या डिसेंबरात आमच्या वर्गाने पुन्हा आवार स्वच्छ केले. मुले तीच, चाळीस. या खेपेस मी नऊ संत्री आणली आणि सोलण्याआधी ती गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या स्वाधीन केली. त्याने एकेक टोपी उचलून ठिपके मोजले आणि बेरीज फळ्यावर मांडली: नव्वद. सोलल्यावर फोडी निघाल्या एकोणनव्वद, कारण एक खुंटलेली होती. प्रत्येकास दोन दिल्यावर नऊ उरल्या. त्यांतील तीन मी बाजूला काढल्या आणि वर्गाला सांगितले की ही गेल्या वर्षीची बाकी आहे. एक त्या मुलीला दिली आणि दोन त्याच्या हातावर ठेवल्या. उरलेल्या सहा शिपाईमामा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांच्यात सारख्या वाटल्या.

आंबट चालत नाही, असे या खेपेस तो म्हणाला नाही. चारही फोडी त्याने एकामागून एक, बिया नीट कागदात टाकीत, मोठ्या आवडीने खाल्ल्या.